माल्टाच्या संघातील पदश्रेणी : कुल आणि व्रत

माल्टाच्या सार्वभौम संघाविषयी लिहिणाऱ्यांत दोन पक्ष आढळतात. एक त्याच्या काळ्या झग्यांना, आठ टोकांच्या पांढऱ्या क्रुसाला आणि लांबलचक पदव्यांना भुलतो. दुसरा हा सारा थाट मध्ययुगाचा पोकळ अवशेष समजतो. मोठेपणा कशात मानावा याविषयी संघाची धारणा त्याच्या पदश्रेणीतच नोंदली गेली आहे, ही गोष्ट मात्र दोघांच्याही दृष्टीतून निसटते.

संघात तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गातील नाइट दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही तीन व्रते घेतात. दुसऱ्या वर्गातील सभासद आज्ञापालनाचे विशेष वचन देतात. तिसरा वर्ग व्रतावाचून सेवा करणाऱ्यांचा. ही झाली व्रताची शिडी. तिच्याशेजारी कुलाची दुसरी शिडी उभी होती. तिसऱ्या वर्गातील पोटश्रेणी वंशशुद्धीच्या पुराव्यांवर ठरत, आणि ग्रँड मास्टर व्हावयाचे तर व्रतस्थ असण्याबरोबर उच्चकुलीनही असावे लागे.

ही दुसरी शिडी परंपरेच्या नावाने राखली गेली. परंतु ती मुळातली नव्हे. अकराव्या शतकात अमाल्फीच्या व्यापाऱ्यांनी जेरुसलेमात स्थापिलेले रुग्णालय हे या संघाचे मूळ. बाराव्या शतकातील त्याच्या नियमांत गरिबांना 'स्वामी' म्हटले आहे आणि बंधूंना त्यांचे सेवक. शस्त्रधारण त्यानंतरचे, आणि नाइटांस कुलीनतेची अट तेराव्या शतकातील. रुग्णाला स्वामी मानणाऱ्या संस्थेने सेवकाची वंशावळ तपासावी, ही विसंगती पुढे शतकानुशतके टिकली.

३ सप्टेंबर २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी नवी घटना जारी केली. तिने ग्रँड मास्टरपदासाठीची कुलीनतेची अट काढून टाकली आणि आजन्म अधिकाराऐवजी दहा वर्षांची मुदत घातली. तिला अनुसरून ३ मे २०२३ रोजी कॅनडात जन्मलेले कायदेपंडित जॉन डनलॅप यांची निवड झाली. परंपरा मोडली, अशी ओरड या वेळी झाली. आमच्या मते येथे अर्वाचीन परंपरा जाऊन प्राचीन परंपरेला वाट मिळाली.

तथापि या सुधारणेची दुसरी बाजू नजरेआड करता येत नाही. १११३ साली पोप दुसरे पास्कल यांनी आपला प्रमुख स्वतः निवडण्याचे स्वातंत्र्य या संस्थेला दिले होते. १७९८ मध्ये नेपोलियनने माल्टा घेतल्यावर भूमी गेली. सार्वभौमत्वाची कल्पना तेवढी उरली. शंभराहून अधिक राष्ट्रांशी असलेले राजनैतिक संबंध तिच्यावरच उभे आहेत. २०२२ ची घटना मात्र पोपच्या आज्ञेने आली, आणि संघाचे तत्कालीन शासकमंडळही त्याच आज्ञेने विसर्जित झाले. अन्याय्य अट गेली, हे इष्टच. परंतु ती स्वतः काढून टाकण्याचे श्रेय संघाने गमावले.

कुलाची शिडी आज खचली आहे. व्रताच्या शिडीवर चढणारे मात्र थोडे : सुमारे साडेतेरा हजार सभासदांत पहिल्या वर्गातील नाइट शंभरांच्याही पुष्कळ आत आहेत. यापुढे संघाची परीक्षा वंशावळीच्या दफ्तरात व्हावयाची नाही. ती रुग्णाच्या खाटेपाशी होईल.