विनोदाची टोचणी : महासाथ, लस आणि अमेरिकेतले लेट नाइट शो

लसीवरचा विनोद लसीइतकाच जुना आहे. जेम्स गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराचे ‘द काऊ-पॉक’ हे गाजलेले चित्र १२ जून १८०२ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. मध्यभागी डॉ. एडवर्ड जेन्नर लस टोचताहेत, आणि टोचून झालेल्यांच्या नाकातून, दंडातून, पाठीतून छोट्या छोट्या गाई बाहेर पडताहेत, असे ते चित्र. बरोबर दोन दिवसांनी, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानातले ते पहिले यशस्वी लसीकरण.

१४ जून २०२१ रोजी न्यूयॉर्कच्या एड सलिव्हन थिएटरमध्ये स्टीफन कोल्बेर पंधरा महिन्यांनंतर पुन्हा भरलेल्या प्रेक्षागृहासमोर उभा राहिला. आत येण्याची अट एकच होती, लस घेतलेली असली पाहिजे. तारखांचा हा मेळ निव्वळ योगायोग आहे, त्यातून मला काही सिद्ध करायचे नाही. मात्र एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. १८०२ साली विनोद लसीच्या विरुद्ध होता. २०२१ साली तो लसीच्या बाजूने उभा होता. बाजू बदलताना विनोदाने काय कमावले आणि काय गमावले, हे तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

बतावणी आणि मोनोलॉग

आपल्याकडच्या वाचकाला ‘लेट नाइट शो’ हा प्रकार यूट्यूबवरच्या तुकड्यांतून माहीत असतो. रात्री साडेअकराच्या आसपास एक सुटातला माणूस पडद्याबाहेर येतो, दहा-बारा मिनिटे दिवसभराच्या बातम्यांवर बोलतो आणि मग टेबलामागे बसून पाहुण्यांशी गप्पा मारतो. या पहिल्या भागाला मोनोलॉग म्हणतात. त्याची बांधणी तमाशातल्या बतावणीपेक्षा फार वेगळी नाही. आधी गंभीर चेहऱ्याने एक बातमी ठेवायची, मग तिची वीण एका वाक्यात उसवायची. फरक इतकाच की, बतावणीत प्रश्न विचारणारा आणि सोंगाड्या असे दोघे असतात. इथे दोन्ही कामे एकच माणूस करतो, आणि समोरच्याच्या जागी प्रेक्षकांचे हसू असते.

या वीस सेकंदांच्या विनोदात किती ताकद असते, याचा दाखला जुना आहे. १९ डिसेंबर १९७३ रोजी जॉनी कार्सनने ‘टुनाइट शो’मध्ये टॉयलेट पेपरच्या टंचाईवर एक विनोद केला. दुसऱ्या दिवसापासून लोकांनी दुकानांवर गर्दी केली आणि नसलेली टंचाई खरोखरच निर्माण झाली. शेवटी कार्सनला खुलासा करावा लागला. तेव्हा ‘विनोदच तो, मनावर काय घ्यायचा?’ हा युक्तिवाद या प्रकाराच्या बाबतीत टिकत नाही. लोक मनावर घेतात.

हसू नसलेला विनोद

मार्च २०२० मध्ये हे कार्यक्रम एकदम मुके झाले. १२ मार्चला रिकाम्या खुर्च्यांसमोर चित्रण झाले, आणि त्यानंतर स्टुडिओच बंद पडले. १६ मार्चला कोल्बेर सुटाबुटात स्वतःच्या घरच्या फेसाळलेल्या बाथटबमध्ये बसून बोलला. पुढे त्याची पत्नी हीच त्याची प्रेक्षक झाली. सेथ मायर्स सासुरवाडीच्या माळ्यावरून बोलू लागला. ट्रेव्हर नोआने आपल्या घरातूनच कार्यक्रम चालवला. जॉन ऑलिव्हर एका कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर बसला.

मोनोलॉग त्या काळापासून २०२२च्या वसंतापर्यंत क्रमाने पाहत गेलो, की पहिले चार-पाच महिनेच सर्वांत जिवंत वाटतात. याची मला दोन कारणे दिसतात. एक, बोलणारा आणि ऐकणारा एकाच कोंडवाड्यात होते. दोन, विनोदाचा नेम वरच्या दिशेने होता. २३ एप्रिल २०२० रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी पत्रकार परिषदेत जंतुनाशक शरीरात टोचण्याच्या शक्यतेबद्दल विचारणा केली. सेरा कूपर या विनोदी अभिनेत्रीने त्यांच्याच आवाजावर फक्त ओठ हलवून एक छोटी चित्रफीत केली. स्वतःचा एक शब्दही न घालता केलेले ते विडंबन त्या काळातले सर्वांत नेमके विडंबन ठरले. राजाचे बोलणे राजाच्याच शब्दांत परत करणे हे सोंगाड्याचे मूळ काम आहे, आणि ते तिथे झाले.

सोंगाड्याच्या हाती दवंडी

११ डिसेंबर २०२० रोजी फायझरच्या लसीला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली आणि १४ डिसेंबरपासून अमेरिकेत लसीकरण सुरू झाले. सत्तेवर आता दुसरा राष्ट्राध्यक्ष येणार होता. लेट नाइट निवेदकांपुढे नवा पेच उभा राहिला. ज्या गोष्टीचे त्यांना मनापासून स्वागत करायचे होते, तिच्यावर विनोद कसा करायचा?

बहुतेकांनी दवंडी पिटली. कोल्बेरच्या कार्यक्रमात सुयांचे पोशाख केलेले नर्तक एका जुन्या लोकप्रिय चालीवर नाचले. ‘द व्हॅक्स-सीन’ नावाचा तो तुकडा पुढे विरोधकांनीच अधिक फिरवला. त्यात एकही खोटे विधान नव्हते. अडचण वेगळीच होती. त्यात विनोदच नव्हता, उत्साह होता.

इथे एक तुलना करण्याजोगी आहे. हे थिएटर पूर्वी सीबीएसचा स्टुडिओ ५० म्हणून ओळखले जाई. २८ ऑक्टोबर १९५६ रोजी एड सलिव्हनच्या कार्यक्रमाआधी एल्व्हिस प्रेस्लीने तिथेच, छायाचित्रकारांसमोर बाही वर करून पोलिओची लस टोचून घेतली. त्याने कोणाची टिंगल केली नाही, भाषणही केले नाही. केवळ त्याच्यामुळे तरुण लसीकडे वळले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मार्च ऑफ डाइम्स या संस्थेच्या पाठबळावर ‘टीन्स अगेन्स्ट पोलिओ’ या गटातल्या मुलामुलींनी स्वतः मोहिमा काढल्या होत्या, लस घेतलेल्यांनाच प्रवेश असे नाचाचे कार्यक्रम भरवले होते. मात्र एल्व्हिसच्या हाती एक गोष्ट होती जी कोल्बेरकडे नव्हती. त्याच्या आधीच्या, सप्टेंबर १९५६ मधल्या कार्यक्रमाला सुमारे सहा कोटी प्रेक्षक लाभले होते. त्यात सगळ्या पक्षांची, सगळ्या प्रांतांची घरे होती. कोल्बेर आपल्या स्पर्धकांत पुढे असूनही त्याचा प्रेक्षक रात्रीला सुमारे तीस लाख होता, आणि तो बहुतांशी एकाच विचाराचा. एप्रिल २०२१ मध्ये फॉक्स न्यूजवर ‘गटफेल्ड!’ सुरू झाला आणि दुसऱ्या बाजूलाही स्वतःचा विनोद मिळाला. ज्यांना लस घ्यायला पटवायचे होते, ते लोक कोल्बेरच्या प्रेक्षागृहात नव्हतेच. आत बसलेल्या प्रत्येकाने तर लस घेतल्याचा पुरावा दाखवला होता.

घोडा

२०२१च्या उन्हाळ्यात डेल्टाची लाट आली. रुग्णसंख्या पुन्हा चढू लागली. आता लस दंड पुढे करील त्याला मिळत होती, तरीही अतिदक्षता विभाग भरत होते. राग येणे स्वाभाविक होते. तो रागच पुढे विनोदाचा कच्चा माल झाला.

२१ ऑगस्टला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, आयव्हरमेक्टिन घेणाऱ्यांना उद्देशून, तुम्ही घोडे किंवा गाई नाही आहात, अशा अर्थाचा चुरचुरीत संदेश प्रसिद्ध केला. सरकारी खात्याने लेट नाइटची भाषा उचलली होती. ७ सप्टेंबरला जिमी किमेल उन्हाळ्याच्या सुट्टीवरून परतला. रुग्णालये आणखी भरली तर खाट कोणाला द्यायची, हा अवघड निर्णय घ्यावा लागेल, असे डॉ. फाउची म्हणाले होते. किमेलने सांगितले की त्यात अवघड असे काहीच नाही. लस घेतलेल्याला झटका आला तर आत घ्या, आणि घोड्याचे औषध खाल्लेल्या, लस न घेतलेल्याला शेवटचा रामराम करा. प्रेक्षागृह हसले.

किमेलच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. २०१५ साली गोवराची साथ आली तेव्हाही त्याने खऱ्या डॉक्टरांना पडद्यावर आणून लसीची बाजू मांडली होती. त्याच्या मुलाची हृदयशस्त्रक्रिया २०१७ साली झाली आणि रुग्णालयाची खाट म्हणजे काय, हे तो जाणतो. अफवा पसरवणारे मोकाट होते आणि परिचारिका कोसळत होत्या. तरीही हा विनोद मला फसलेला वाटतो. कारण नैतिक आहे, तसेच कारागिरीचेही आहे. नेम खाली वळला होता. अफवा विकणारा सुटला आणि ती विकत घेऊन श्वास कोंडलेला माणूस निशाण्यावर आला. गिलरेच्या चित्रात माणसातून गाय निघाली होती. किमेलच्या वाक्यात माणसाचाच घोडा झाला.

शिवाय तपशील नेमका नव्हता. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, ऑगस्ट २०२१ मध्ये दिलेली आकडेवारी पाहा. महासाथीपूर्वी औषध दुकानांतून आयव्हरमेक्टिनची सरासरी ३,६०० प्रिस्क्रिप्शन्स आठवड्याला दिली जात. ती ऑगस्टच्या मध्यास ८८,००० वर गेली. म्हणजे चोवीस पट. जनावरांची पेस्ट खाऊन विषबाधा झालेले लोक होते, हे खरे. पण ही प्रिस्क्रिप्शन्स डॉक्टरांनी माणसांसाठी लिहिलेली होती. हे औषध ज्या शोधातून आले, त्याला २०१५ साली वैद्यकाचे नोबेल मिळाले होते. कोविडवर ते उपयोगी ठरले नाही, हा मुद्दा पुरेसा होता. घोड्याची गरज नव्हती. विनोद अर्धा खोटा निघाला, की ऐकणारा उरलेल्या अर्ध्या सत्यावरही विश्वास ठेवत नाही.

हा विनोद पाहून इथे हसणाऱ्या मराठी माणसाने क्षणभर थांबायला हवे होते. एप्रिल २०२१ मध्ये आपल्या राष्ट्रीय उपचारसूचीत सौम्य रुग्णांसाठी आयव्हरमेक्टिनचा पर्याय होता, आणि तो सप्टेंबरमध्ये वगळला गेला. मे महिन्यात गोव्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी अठरा वर्षांवरील सर्वांना ही गोळी प्रतिबंधक म्हणून देण्याची घोषणा केली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामीनाथन यांनी त्याविरुद्ध सावध केले. आपल्याकडे सुशिक्षित घरांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आलेली तीच गोळी अमेरिकेत अडाणीपणाची खूण ठरली. माणूस तोच, भीती तीच, शहाणपणाचा शिक्का मात्र कोणी लावला यावर हसू ठरले.

दोन वेगळ्या वाटा

याच काळात दुसऱ्या दोन पद्धती दिसल्या. पहिली जॉन ऑलिव्हरची. मे २०२१ मधल्या भागात त्याने लस नाकारणारे आणि लसीबद्दल साशंक असलेले, असे दोन गट वेगळे केले. साशंकांचे प्रश्न एकेक करून सोडवले आणि शेवटी प्रेक्षकाला सुचवले की पटवण्याचे काम माझ्यापेक्षा तुमच्याच ओळखीची माणसे चांगले करतील. विनोदकाराने आपल्या प्रभावाची मर्यादा ओळखल्याचे असे उदाहरण विरळा.

दुसरी वाट जॉन स्टुअर्टची. १४ जूनच्या त्याच कार्यक्रमात तो पाहुणा होता. विषाणू वुहानच्या प्रयोगशाळेतून आला असणार, हे त्याने हर्शी या चॉकलेटच्या गावात चॉकलेटची साथ आल्याची उपमा देऊन मांडले. कोल्बेर अस्वस्थ झाला आणि, तू एका रिपब्लिकन सिनेटरसाठी काम करतोस की काय, अशी कोपरखळी त्याने मारली. स्टुअर्टचा तर्क सैल होता. शेजार हा पुरावा नव्हे. पण आपल्याच बाजूच्या प्रेक्षकाला न आवडणारे बोलण्याची जोखीम त्याने घेतली, आणि एवढ्यावरून तो पक्षाच्या तराजूत तोलला गेला. कोपरखळीने त्या रात्रीचे वास्तव उघड केले. शंका घेणे हेही आता पक्षाचे काम झाले होते.

आकडा आणि हसू

डिसेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन आला. १८ डिसेंबरचा ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ मोजक्या कलाकारांत, प्रेक्षकांविना झाला. ३ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेत एका दिवसात दहा लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. त्यात सुट्टीतल्या साचलेल्या नोंदी होत्या, तरी आकडा अभूतपूर्वच होता. जिमी फॅलन, सेथ मायर्स, पुढे कोल्बेर आणि किमेल, सगळे लस घेतलेले, सगळ्यांना लागण झाली. लसीने त्यांना गंभीर आजारापासून वाचवले असणार आणि तिचा दावा मुळात तोच होता. पण शहाणे निरोगी आणि मूर्ख आजारी, अशी जी सोपी वाटणी उन्हाळ्यातल्या विनोदांनी केली होती, ती टिकली नाही. विरोधकांनी तिचे खापर लसीवर फोडले. वास्तविक दोष वाटणीचा होता.

मार्च २०२४ मध्ये एफडीएने एका खटल्यातील तडजोडीत घोड्यांबद्दलचे संदेश काढून टाकण्याचे मान्य केले. औषधाबद्दलची आपली भूमिका तिने बदलली नाही. शास्त्र जागेवर राहिले, विनोद मात्र मागे घ्यावा लागला. सार्वजनिक आरोग्याच्या यंत्रणांनी लक्षात ठेवावा असा हा निकाल आहे, कारण पुढची साथ येईल तेव्हा त्यांच्याकडे लस असेल, पण ऐकून घेणारे कान असतील की नाही याची खात्री नाही.

विनोदाने तटस्थ राहावे, असे मी म्हणत नाही. लसीच्या बाजूने उभे राहणे योग्यच होते. प्रश्न नेमाचा आहे. जंतुनाशक टोचण्याची भाषा करणारा सत्ताधीश, अफवांवर पैसे कमावणारे निवेदक, लस साठवून ठेवणारे श्रीमंत देश, ही लक्ष्ये २०२१ सालीही जागेवरच होती. ती सोडून श्वास कोंडलेल्या रुग्णाकडे वळणे सोपे होते, कारण तो उत्तर द्यायला प्रेक्षागृहात नव्हता. त्याला तिथे प्रवेशच नव्हता.