ज्युरी नानावटीने संपवली? थांबा जरा

माझा विषय भारतातली ज्युरी, असं सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, "हां, नानावटी!" इस्लामपूरच्या एसटी स्टँडवर असो की विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, उत्तर ठरलेलं. चित्रपट आणि वेब मालिकांनी ही गोष्ट आपल्या डोक्यात पक्की बसवली आहे. माझ्या प्रबंधाचा पहिला आराखडाही तिथूनच सुरू होत होता. तो वाचून गाईडनी एवढंच विचारलं, "साताऱ्यात ज्युरी गेल्याचं कुणाला कळलं तरी का?"

आधी गोष्ट बघू. 27 एप्रिल 1959 रोजी मुंबईत नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजावर गोळ्या झाडल्या. नऊ जणांच्या ज्युरीने 8 विरुद्ध 1 मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना हे पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे 1960 मध्ये जन्मठेप झाली आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मग वैतागून सरकारने ज्युरीच बंद केली, हे त्या गोष्टीचं शेपूट. गडबड आहे ती या शेपटात.

पहिली अडचण तारखांची. विधी आयोगाने ज्युरी रद्द करा अशी शिफारस केली ती चौदाव्या अहवालात, 1958 साली. म्हणजे गोळी सुटायच्या आधी! शिवाय नानावटीनंतरही कलकत्त्यात ज्युरीपुढे खटले चालत राहिले. ज्युरीला कायद्यातून खरी रजा मिळाली ती 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. 1898 च्या संहितेनुसार कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या गुन्ह्यांसाठी ज्युरी बसवायची हे सरकार अधिसूचना काढून ठरवायचं. देशातल्या बहुतेक जिल्ह्यांत ज्युरी नव्हतीच, असेसर होते. असेसर म्हणजे न्यायाधीशाशेजारी बसून मत देणारे स्थानिक लोक. त्यांचं मत ऐकायचं, पण पाळायचं बंधन नाही. 1955 मध्ये तेही गेले. आणि जिथे ज्युरी होती तिथेही निकाल पटला नाही तर सेशन्स जज प्रकरण वर पाठवू शकत होता. नानावटी प्रकरणात नेमकं तेच झालं. म्हणजे कायदा मोडला नाही, कायदा जसा बनवला होता तसाच चालला.

मग लोकांना ज्युरी आपली वाटावी तरी कशी? 1908 चा टिळकांचा खटला आठवा. सात युरोपीय विरुद्ध दोन पारशी अशा मतांनी टिळक दोषी ठरले. 'केसरी'तल्या मराठी लेखांचा अर्थ इंग्रजी भाषांतरावरून लावला गेला. इंग्लंडमध्ये ज्युरी ही राजापासून वाचवणारी ढाल मानली गेली. इथे ती राजाच्याच हातात होती.

आता साताऱ्यात या. आजचे वाळवा, तासगाव, खानापूर हे सांगलीचे तालुके 1940 च्या दशकात सातारा जिल्ह्यात होते. 1943 पासून या पट्ट्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं आणि त्याची न्यायदान मंडळं गावातल्या भांडणांचे निवाडे करू लागली. सरकारी कोर्टं चालूच होती, तरी लोक तिकडे न जाता इथे येत. म्हणजे 'आपल्या अडाणी लोकांना न्यायनिवाडा जमत नाही' हे म्हणणं या जिल्ह्यात तरी टिकत नाही.

लगेच भारावून जाऊ नका, हं. याच प्रतिसरकारचं 'पत्री सरकार' हे नाव तळपायांवर दिलेल्या शिक्षेशी जोडलं जातं. त्याआधीच्या मराठेशाहीतल्या गोतसभेतही वतनदार आणि बलुतेदार एकत्र बसत, महजरावर पाटील नांगराची निशाणी करी. पण त्या सभेत बाईचा आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाचा शब्द वतनदाराच्या बरोबरीचा नव्हता. आज गावातल्याच बारा जणांनी ॲट्रॉसिटीच्या खटल्याचा निकाल द्यायचा म्हटलं, तर फिर्यादीच्या पोटात गोळा येईल. ज्युरी परत आणा, असं मी म्हणत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की एका वेड्यावाकड्या निकालाने ज्युरी मरत नाही. ती जाताना 'आमचं काहीतरी जातंय' असं लोकांना वाटत नाही, तेव्हा ती मरते. जपानमध्ये 1928 ला सुरू झालेली ज्युरी 1943 मध्ये थांबवली गेली. दक्षिण आफ्रिकेने 1969 मध्ये ती काढली. तिथे ज्युरीत गोरेच बसायचे, मग बहुसंख्य काळ्या लोकांनी तिच्यासाठी का रडावं? नानावटीची गोष्ट आपल्याला सोयीची आहे, कारण तिच्यात दोष भावनेच्या भरात वाहून गेलेल्या आठ माणसांवर टाकता येतो. लोकांवर ना गोऱ्या सरकारने विश्वास टाकला, ना आपल्या सरकारने, हा मुद्दा मग बाजूला राहतो.

पुढच्या वेळी पोलीस पंचनाम्याच्या कागदावर तुमची सही मागतील तेव्हा 'पंच' या शब्दाकडे जरा बघा. एकेकाळी पंच निवाडा करायचा. आता तो बऱ्याचदा न वाचताच सही करतो आणि घरी जातो.