वनस्पतिजन्य तंतूंचे उष्ण हवेने शुष्कन : प्रचलित गणिती प्रारूपांचे समीक्षण (मराठवाड्यातील कापसाच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
कापूस, ताग, अंबाडी इत्यादी तंतूंचा मुख्य घटक सेल्युलोज होय. तंतूंतील काही पाणी पोकळ्यांत मोकळे असते, तर काही सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटांशी बांधलेले असते. उष्ण हवेत मोकळे पाणी प्रथम व वेगाने निघून जाते. बांधलेले पाणी मात्र हळूहळू बाहेर पडते. शेवटी तंतूत काही आर्द्रता शिल्लक राहतेच. हवेचे तापमान व सापेक्ष आर्द्रता यांवर ठरणाऱ्या या मर्यादेस समतोल आर्द्रता म्हणतात.

प्रारूपांची मर्यादा :
लेविस यांनी १९२१ मध्ये शुष्कनाच्या वेगाविषयी सोपा घातांकी विचार मांडला. पेज यांनी १९४९ मध्ये मक्याच्या दाण्यांसाठी त्यात एका घातांकाची भर घातली. हीच समीकरणे पुढे तंतूंनाही लावली गेली. अनेक अभ्यासांत पाच-सहा समीकरणे तपासून ज्याचा निर्धारण गुणांक सर्वाधिक, ते श्रेष्ठ ठरविले जाते. परंतु स्थिरांक वाढले की वक्र अधिक जुळतो, हा गणिताचा गुण आहे. तो तंतूच्या आकलनाचा पुरावा नव्हे. शिवाय दाणा सुटा असतो, तर तंतू गुंतलेल्या थरात वाळतात. त्यामुळे थराची जाडी व हवेचा वेग न नोंदविता काढलेला स्थिरांक दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडत नाही.

याहून गंभीर दोष म्हणजे समतोल आर्द्रता शून्य धरणे. भरपूर पाणी असलेल्या भाजीपाल्याच्या बाबतीत ही चूक किरकोळ ठरते. कापसाचे तसे नाही. शुष्क आधारावर सुरुवातीची आर्द्रता १२, सध्याची ८ व समतोल ४ टक्के धरल्यास आर्द्रता-गुणोत्तर ०.५० येते, समतोल शून्य धरल्यास तेच ०.६७ होते. म्हणजे निम्मे काम झालेले असताना एकतृतीयांशच झाले, असा निष्कर्ष निघतो. आधार न सांगणे हीदेखील तितकीच मोठी त्रुटी आहे. १०० किलो मालात १२ किलो पाणी असल्यास ओल्या आधारावर आर्द्रता १२ टक्के, तर शुष्क आधारावर १३.६ टक्के होते.

प्रादेशिक संदर्भ :
मुरुड परिसरातील असो वा नांदेडच्या कापूसपट्ट्यातील, शेतकरी सामान्यतः ओला कापूस उन्हात पसरून वाळवितो. भारतीय कपास निगमच्या आधारभूत खरेदीत ८ टक्के आर्द्रता मूळ मानली जाते व १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात भावात कपात होते. साहजिकच प्रत्येक टक्का शेतकऱ्याच्या पदरातून जातो. याउलट कापूस प्रमाणाबाहेर वाळल्यास वजन घटते आणि सरकी काढताना ठिसूळ धागा तुटतो. अशा वेळी कोठे थांबावे हे सांगणारे संशोधन हवे, आणि ते समतोल आर्द्रतेवाचून सांगता येत नाही.

निष्कर्ष :
वक्र जुळणे हे शुष्कन-अभ्यासाचे साधन आहे, साध्य नव्हे. आर्द्रतेचा आधार, समतोल आर्द्रता, थराची जाडी, हवेचा वेग व तिची सापेक्ष आर्द्रता या पाच बाबी नोंदविल्याशिवाय प्रयोगशाळेतील स्थिरांक शेतकऱ्याच्या अंगणापर्यंत पोहोचणार नाही.