पाकीट, पोच आणि शिरस्ता : संगणक-जाळ्याच्या पाठ्यपुस्तकाची भाषा

पाठ्यपुस्तकाची समीक्षा करण्याचा प्रघात आपल्याकडे फारसा नाही. कथा-कादंबरीवर परीक्षणे येतात. पण जे पुस्तक हजारो मुले हातात पेन घेऊन, ओळीखाली रेघा मारत वाचतात, त्याच्या भाषेविषयी सहसा कोणी लिहीत नाही. नाशिकमध्ये वाणिज्य आणि संगणक-उपयोजनाच्या विद्यार्थ्यांना मी काही वर्षे ‘डेटा कम्युनिकेशन आणि नेटवर्किंग’ हा विषय शिकवतो आहे. व्यापारातली माहिती एका ठिकाणाहून दुसरीकडे कशी जाते, वाटेत हरवली तर काय करायचे आणि भलत्याच्या हाती पडू नये म्हणून कोणती खबरदारी घ्यायची, हा या विषयाचा गाभा. निफाड, दिंडोरी, येवला या तालुक्यांतून येणाऱ्या अनेक मुलांच्या घरात हे तिन्ही प्रश्न रोजचे असतात. तरीही त्यांच्याकडून हा विषय पाठच जास्त केला जातो. सात स्तरांची नावे क्रमाने म्हणून दाखवणाऱ्याला ते स्तर कशासाठी आहेत, हे विचारले की तो गप्प होतो. याचे एक कारण मला पुस्तकांच्या भाषेत, विशेषतः त्यांतल्या दृष्टान्तांत दिसते.

रूपकांनी बनलेले शास्त्र

या शास्त्राची इंग्रजी परिभाषा जवळजवळ सगळी घरगुती रूपकांची आहे. हँडशेक, होस्ट, पोर्ट, विंडो, हेडर हे शब्द इंग्रजी वाचकाला शास्त्राच्या आधी स्वयंपाकघरात, दारात, बंदरावर भेटलेले असतात. ‘पॅकेट’ची जन्मकथा तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत १९६०च्या दशकाच्या मध्यात डोनाल्ड डेव्हिस हे संदेशाचे तुकडे करून ते वेगवेगळे पाठवण्याची कल्पना मांडत होते. तुकड्याला नाव हवे होते, आणि ते इतर भाषांतही सहज जावे म्हणून त्यांनी भाषा जाणणाऱ्या सहकाऱ्याचा सल्ला घेऊन ‘पॅकेट’ निवडला. दुसऱ्या भाषांचा विचार करून निवडलेला हा शब्द मराठीत मात्र उपराच राहिला. ‘पाकीट’ आपल्याकडे टपालाच्या व्यवहारात कधीचे रुळलेले आहे. पण वर्गात आपण ‘पॅकेट’ म्हणतो आणि विद्यार्थ्याला बिस्किटाचा पुडा आठवतो. पाकीट म्हटले की पत्ता, पाठवणारा, आतला मजकूर आणि बाहेरचा मजकूर हे सारे त्याच्या डोळ्यांपुढे आपोआप येते.

‘प्रोटोकॉल’चे दैव आणखी विचित्र आहे. त्याच प्रयोगशाळेतल्या १९६७च्या एका टिपणाच्या शीर्षकात हा शब्द संगणकांच्या परस्पर संदेशवहनासाठी आला. मूळ ग्रीक अर्थ गुंडाळीला चिकटवलेले पहिले पान. आपल्या शासनव्यवहारात प्रोटोकॉल म्हणजे ‘राजशिष्टाचार’. मंत्र्यांच्या स्वागताला कोणी कुठे उभे राहायचे, हे ठरवणाऱ्या शब्दाचा दोन यंत्रांच्या बोलण्याशी काय संबंध, हे मुलांना उमगत नाही. मराठीत याच अर्थाच्या जवळ जाणारा एक जुना शब्द आहे : शिरस्ता. दोन्ही बाजूंना ठाऊक असलेली, कोणी दरवेळी समजावून सांगत नाही अशी कामाची ठरलेली रीत. मुलांना शिरस्ता म्हटले की पुढचा प्रश्न तेच विचारतात : ‘एकाचा शिरस्ता दुसऱ्याला माहीत नसेल तर?’ प्रोटोकॉलच्या अभ्यासाची खरी सुरुवात या प्रश्नापासून होते.

दोन ग्रंथ, दोन दृष्टान्त

स्तरांची कल्पना समजावण्यासाठी दोन प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथांनी वापरलेले दृष्टान्त शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. बेहरूझ फोरूझान यांच्या पुस्तकाच्या चौथ्या आवृत्तीत पत्राचा दृष्टान्त आहे. एकजण पत्र लिहितो, पाकिटात घालतो, पेटीत टाकतो. टपाल खाते ते वाहून नेते. पलीकडे हीच कामे उलट्या क्रमाने होतात. दृष्टान्त सोपा आणि प्रामाणिक आहे, पण वाटेतला प्रवास त्यात फार थोडक्यात आटोपतो, आणि विषयाची खरी अवघड जागा तिथेच आहे. पाकिटावरचा पत्ता शेवटपर्यंत तोच राहतो, मग प्रत्येक टप्प्यावर बदलते ते काय?

याचे उत्तर आपल्या टपालखात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये आहे. पत्रे थैलीत भरली जातात, थैलीला पुढच्या मुक्कामाची चिठ्ठी बांधली जाते; छाननी कार्यालयात थैली उघडते, पत्रे वेगळी होतात आणि नव्या चिठ्ठीच्या नव्या थैलीत पडतात. पाकीट तेच, थैली दर मुक्कामाला नवी. आयपी पाकीट आणि त्याभोवतीची दर टप्प्यावर बदलणारी ‘फ्रेम’ यांचे नाते नेमके असे आहे. ज्या शहराच्या नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये देशाची टपाल तिकिटे छापली जातात, तिथल्या विद्यार्थ्याने हा भाग आकृतीतल्या चौकोनांवरून पाठ करावा, याचे मला वाईट वाटते.

दुसरा दृष्टान्त अँड्र्यू टॅनेनबॉम यांचा. त्यांच्या ‘कॉम्प्युटर नेटवर्क्स’ची पहिली आवृत्ती १९८१ची. त्यात दोन तत्त्वज्ञ आहेत : एकाला उर्दू आणि इंग्रजी येते, दुसऱ्याला चिनी आणि फ्रेंच. दोघे आपापला दुभाषी नेमतात. दुभाषे आपसांत डच भाषा ठरवतात. त्यांच्याखालचे चिटणीस मजकूर पाठवतात. दुभाष्यांनी उद्या डच सोडून दुसरी भाषा धरली, तरी तत्त्वज्ञांना कळण्याचे कारण नाही. स्तरांचे स्वातंत्र्य यापेक्षा मार्मिकपणे क्वचितच कोणी सांगितले असेल. पण या दृष्टान्तात एक गृहीतही दडलेले आहे : मधली भाषा कोणतीही असो, वरच्या माणसाला त्याची झळ लागत नाही. उर्दू बोलणारा तत्त्वज्ञ समाधानात आहे, कारण त्याला चांगला दुभाषी मिळाला आहे. आमच्या वर्गात दुभाष्याची जागा बहुधा रिकामी असते किंवा तिथे गाइड बसलेले असते.

मराठीचे दोन अवतार

मराठीतून उच्च शिक्षण घराघरांत नेण्याचा सर्वांत मोठा प्रयोग नाशिकमध्येच झाला. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने, पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्या काळापासून, शिक्षकाविना वाचता येईल अशा पुस्तकाचा घाट मराठीत रुजवला. आधी उद्दिष्टे, मग विवेचन, मध्येच थांबवून विचारलेले प्रश्न, शेवटी सारांश. वाचक एकटा आहे आणि त्याला अडले तर विचारायला कोणी नाही, ही जाणीव त्या घाटात आहे. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद पुस्तकांनीच प्रत्यक्षात आणायचे होते. आता तर २०२१-२२पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने निवडक महाविद्यालयांना मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची मुभा दिली आहे. म्हणजे तांत्रिक पुस्तकाची मराठी कशी असावी, हा प्रश्न आता रोजचा झाला आहे.

माझ्या हाती येणाऱ्या मराठी टिपणांत दोन अवतार दिसतात. नमुने माझेच आहेत, पण वळण ओळखीचे वाटेल. पहिला : ‘प्रेषकाकडून पारेषित संदेशखंडाच्या प्राप्तीची अभिस्वीकृती ग्राहकाकडून विहित कालावधीत अप्राप्त असल्यास पुनर्पारेषण केले जाते.’ दुसरा : ‘सेंडर पॅकेट ट्रान्समिट करतो, टाइमआउटमध्ये ॲक्नॉलेजमेंट रिसीव्ह झाली नाही तर रिट्रान्समिट करतो.’ पहिल्यात शब्द आपल्या लिपीतले आहेत, पण एकही घरातला नाही. दुसऱ्यात मराठीकडे फक्त ‘करतो’ आणि ‘झाली नाही’ एवढेच उरले आहे. दोन्ही वाक्ये परीक्षेत गुण मिळवून देतात. तीच गोष्ट अशीही सांगता येते : ‘पाठवणारा पाकिटावर अनुक्रमांक घालतो. घेणारा पोच देतो. ठरल्या वेळेत पोच आली नाही, तर पाठवणारा तेच पाकीट पुन्हा पाठवतो.’ ‘पोच’ हा शब्द प्रत्येक दुकानदाराच्या तोंडी आहे. त्याला पर्याय शोधण्याची गरज कोणाला आणि का वाटली?

बाजारातले उदाहरण आणि त्याच्या मर्यादा

शब्दांपेक्षाही उदाहरणे महत्त्वाची. टीसीपी आणि यूडीपी या दोन शिरस्त्यांतला फरक पुस्तके तक्त्यात देतात : एक भरवशाचा, दुसरा बिनभरवशाचा. मग बिनभरवशाचा शिरस्ता १९८०मध्ये प्रसिद्ध होऊन आजवर का टिकला, हे तक्त्यातून कळत नाही. लासलगावच्या कांदा लिलावाकडे पाहावे. सकाळचा भाव शेतकऱ्याला तातडीने हवा असतो, कारण त्यावरून ट्रॉली आज काढायची की उद्या, हे ठरते. एक निरोप हुकला तर तो मागून पाठवण्यात अर्थ नाही. तोवर नवा भाव आलेला असतो, जुना शिळा झालेला असतो. मात्र विकलेल्या मालाचे पैसे खात्यात जमा करण्याचा निरोप उशिरा पोचला तरी चालेल, पण तो हरवता कामा नये आणि दोनदा धरला जाता कामा नये. पहिल्याला यूडीपीची वृत्ती हवी, दुसऱ्याला टीसीपीची. हे उदाहरण दिल्यावर तक्ता मुले स्वतः तयार करतात.

गुप्ततेसाठी गुरांच्या बाजारातला रुमाल आहे. दोघे रुमालाखाली हात घालून बोटे दाबून सौदा ठरवतात. कोणत्या बोटाचा काय अर्थ, हे साऱ्या बाजाराला ठाऊक असते. झाकलेले असते ते फक्त कोणते बोट दाबले एवढेच. रीत उघड असावी आणि गुपित फक्त किल्लीत असावे, हे १८८३मध्ये ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी मांडलेले तत्त्व यापेक्षा वेगळे नाही.

पण इथेच थांबले तर मीही भुलवणारा दृष्टान्त दिला, असे होईल. रुमालाखाली हात कोणाचा आहे, हे डोळ्यांना दिसते. तारेच्या पलीकडे कोण आहे, हे दिसत नाही. म्हणून तिथे ओळख पटवणारी प्रमाणपत्रे लागतात. बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या दुव्यावर माणसे फसतात ती या फरकामुळे. चांगल्या पाठ्यपुस्तकाने दृष्टान्त द्यावा आणि तो कुठे तुटतो, हेही त्याच पानावर सांगावे. आपल्या टिपणांत दृष्टान्त मुळात विरळ, आणि असला तरी त्याची सीमा सांगितलेली नसते.

भाषेची किंमत

यावर एक रास्त आक्षेप येतो : नोकरी इंग्रजी संज्ञांवर मिळते, जाळ्याचे मूळ दस्तऐवज इंग्रजीत आहेत, मग पोच आणि शिरस्ता शिकून मुलांचे नुकसान नाही का? संज्ञा इंग्रजी, देवनागरीत लिहिलेल्या, खुशाल असाव्यात. मुलाखतीत ‘ॲक्नॉलेजमेंट’च म्हणावे लागेल. माझे म्हणणे समजावण्याच्या भाषेपुरते आहे. संज्ञा उसनी चालते. समज उसनी घेता येत नाही.

शिवाय टॅनेनबॉमच्या तत्त्वज्ञांना लागली नाही ती झळ आपल्याला लागते, हेही विद्यार्थ्याला कळले पाहिजे. इंग्रजी ‘ओनियन’ची पाच अक्षरे यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत ५ बाइट घेतात. ‘कांदा’ लिहिताना काना आणि अनुस्वार धरून चिन्हे पाचच होतात, पण प्रत्येकाला ३, म्हणजे १५ बाइट लागतात. साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात. मजकुरात एक देवनागरी चिन्ह आले की मर्यादा ७०वर येते आणि लांब निरोपाचे दोन निरोप होतात. हजारो शेतकऱ्यांना रोज भाव कळवणाऱ्या संस्थेच्या बिलात हा फरक दिसतो. खर्च वाचवण्यासाठी मराठी निरोप रोमन लिपीत पाठवण्याचा मोह तिथूनच होतो. वरच्या स्तरावरची भाषा आणि खालच्या स्तरावरचे बाइट यांचे हे नाते मला शिकवण्याच्या पुस्तकांत भेटलेले नाही, कारण ज्यांच्यासाठी ती मुळात लिहिली गेली त्यांना ही किंमत मोजावी लागत नाही. मराठी पाठ्यपुस्तक स्वतंत्रपणे लिहिण्याची गरज मला इथे सर्वांत स्पष्ट दिसते. अनुवादात हे प्रकरण येणार नाही. ज्याच्या घरी कांद्याच्या भावाचा निरोप अर्धवट तुटून आला आहे, अशा वाचकासाठी लिहायला बसले की ते पहिल्या पन्नास पानांत आपसूक येईल.