'स्मृतिचित्रां'तील नगरची मंडळी

धर्माची परीक्षा त्याच्या प्रवचनांवरून करावी कीं त्याच्या अनुयायांच्या घरांवरून करावी, हा वाद जुनाच आहे. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' 1934 पासून भागाभागानें प्रसिद्ध झालीं. त्यांच्या भाषेची, विनोदाची व प्रांजळपणाची स्तुति टीकाकारांनीं मनसोक्त केली आहे, आणि ती यथार्थच आहे. परंतु एका गांवच्या ख्रिस्ती मंडळीचें आंतलें जीवन दाखविणारा ग्रंथ ह्या दृष्टीनें त्याचा विचार आमच्या मतें पुरेसा झालेला नाहीं. तो येथें थोडक्यांत करण्याचें योजिलें आहे.

तुलनेसाठीं बाबा पदमनजींचें 'अरुणोदय' (1888) हें आत्मवृत्त घ्यावें. त्यांतील मार्ग जिज्ञासेचा व ग्रंथपरीक्षेचा आहे. बाबा वाचतात, वाद करतात, संशय फेडून घेतात आणि अखेर 1854 सालीं बाप्तिस्मा घेतात. लक्ष्मीबाईंचा मार्ग अगदीं निराळा. नारायण वामन टिळकांनीं 1895 सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां त्यांच्या पत्नीला त्यांतील तत्त्वविचारापेक्षां आपला संसार मोडला हेंच अधिक कळलें. कित्येक वर्षांच्या ताटातुटीनंतर ती पतीकडे राहावयास गेली, तीहि सोवळेंओवळें सांभाळूनच. पुढें तिच्या मनांतून प्रथम जातिभेद गेला. बाप्तिस्मा त्यामागून, 1900 सालीं, झाला. हा क्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. येथें विश्वासाचा पहिला पुरावा मतप्रतिपादनांत सांपडत नाहीं, तर पाण्याच्या भांड्यापाशीं सांपडतो.

ह्यामुळेंच ह्या ग्रंथांत धर्मकार्याचें खरें क्षेत्र व्यासपीठ नसून घर आहे. पोरकीं मुलें, अडलेलीं माणसें, पाहुणे आणि कवि ह्यांचा राबता तेथें अखंड चाललेला असतो. बालकवि ठोमरे ख्रिस्ती झाले नाहींत. तथापि नगरास ते ह्याच घरीं राहिले व लक्ष्मीबाईंच्या मायेचे धनी झाले. ख्रिस्ती झालेल्यांसच जवळ करावयाचें, असा हिशेब तेथें नव्हता. मात्र लेखिका ह्या औदार्याची किंमतहि लपवीत नाहीं. हातीं आलेला पैसा टिळकांनीं देऊन टाकावा आणि संध्याकाळची चिंता पत्नीनें वाहावी, हें चित्र वाचतांना हंसूं येतें; परंतु त्या हास्याच्या तळाशीं एक कठोर प्रश्न आहे. दानाचें पुण्य एकाचें व भाकरीचे कष्ट दुसरीचे, अशी वाटणी धर्मकार्यांत होत असेल, तर त्या दुसरीचें नांव कोण घेतो? लक्ष्मीबाईंनीं तक्रारीचा सूर न काढतां तें नांव घेतलें, ह्यांत त्यांचें मोठेपण आहे.

दुसरा प्रश्न मिशनचा. नगरास अमेरिकन मिशनचें ठाणें 1831 सालीं पडलें. टिळकांच्या काळापर्यंत तेथें शाळा, दवाखाने व 'ज्ञानोदय' ह्यांचा मोठा पसारा झाला होता. त्याचे उपकार कोणी नाकारूं नयेत. पण जेथें पाळकाचा पगार परदेशांतून येतो, तेथें मंडळी आपल्या पायांवर उभी राहील कशी, ही टिळकांस टोचणी होती. अभंग व कीर्तन त्यांनीं उपासनेंत आणलें तें केवळ हौसेनें नव्हे. ख्रिस्त ह्या मातीचा व्हावा म्हणून. 1917 सालीं मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनीं 'देवाचा दरबार' स्थापिला व त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्यांस आणि न घेतलेल्यांस सारखेंच बोलाविलें. 1919 सालीं ते वारले आणि दरबाराचा आधारच गेला. तथापि त्यांचीं गीतें मराठी मंडळ्यांतून आजहि गाइलीं जातात. संस्थेहून गाणें अधिक टिकलें, ह्यांत नवल नाहीं. गाण्याला पगार लागत नाहीं.

आतां उणीव. नगर जिल्ह्यांतील मंडळ्या बहुतांशीं महार व मांग समाजांतील लोकांनीं उभ्या केल्या. 'स्मृतिचित्रां'त हीं माणसें येतात, जातात, कधीं मदत करतात, कधीं मदत घेतात. परंतु त्यांचा स्वतःचा आवाज क्वचितच ऐकूं येतो. लक्ष्मीबाईंनीं सोवळें टाकलें हा त्यांच्या मनाचा विजय आम्ही वाचतों व आनंदतों. पण ज्यांच्या हातचें पाणी इतके दिवस नाकारलें गेलें, त्यांस त्या दिवसांत काय वाटलें असेल? ख्रिस्ती मंडळींत तरी आपण माणूस ठरूं, ह्या आशेनें आलेल्यांस तेथेंहि कोणाच्या मनाची तयारी होईपर्यंत थांबावें लागलें. ती कथा येथें नाहीं. आपलें आत्मचरित्र लिहिणारीनें दुसऱ्यांचें कां लिहिलें नाहीं, असा दोष देणें अन्यायाचें होईल. परंतु हा ग्रंथ म्हणजे नगरच्या मंडळीचा समग्र इतिहास, असें मानणारा वाचक मात्र दोषी ठरेल.

एवढें ध्यानांत ठेवून वाचल्यास ह्या पुस्तकाचें मोल कमी न होतां वाढतेंच. शेजाऱ्यावर प्रीति करा हें सांगणारे ग्रंथ मराठींत पुष्कळ आहेत. शेजाऱ्याला घरांत घेतल्यावर पीठ किती लागतें, राग किती गिळावा लागतो आणि जन्माचा अभिमान किती सावकाश सुटतो, हें इतक्या खरेपणानें सांगणारा ग्रंथ आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं. मंडळीच्या चालकांनीं तो वाङ्मय म्हणून वाचावाच. पण आपल्या मंडळीची झडती म्हणूनहि वाचावा.