शटरची गती आणि माणसाचा चेहरा

छायाचित्र म्हणजे वास्तवाची हुबेहूब नक्कल, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु कॅमेऱ्याचे शटर किती वेळ उघडे ठेवावयाचे, हे छायाचित्रकार ठरवतो आणि त्या निर्णयातून त्याची दृष्टी प्रकट होते. ताशी ५ किलोमीटर वेगाने चालणारा मनुष्य १/५०० सेकंदात जेमतेम ३ मिलिमीटर पुढे सरकतो, म्हणून चित्रात तो स्थिर भासतो. तेच शटर एक सेकंद उघडे राहिले, तर तो सुमारे १.४ मीटर पुढे जातो आणि त्याच्या जागी एक धूसर पट्टा उरतो.

लुई दागेर याने १८३८ साली पॅरिसच्या 'बुलेव्हार द्यु ताँप्ल' या रस्त्याचे चित्र घेतले. प्रतिमा उमटण्यास काही मिनिटे लागली. तेवढ्यात ये-जा करणारी वर्दळ ठसा न ठेवता निघून गेली. उरला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक गृहस्थ. त्याच्या पायाशी बसलेला पॉलिशवाला मात्र अस्पष्ट आहे, कारण त्याचे हात चालू होते. सेवा घेणारा ठळक, सेवा करणारा पुसट! पवित्र गुरुवारचा पाद्यप्रक्षालनविधी जाणणाऱ्या वाचकाला ही विसंगती टोचल्याशिवाय राहणार नाही.

आँरी कार्तिए-ब्रेसाँ याचे १९३२ सालचे साँ-लाझार स्थानकामागील चित्र क्षण गोठविण्याचा आदर्श मानले जाते. साचलेल्या पाण्यावरून एक मनुष्य उडी घेतो आहे. त्याची टाच पाण्याला अद्याप टेकलेली नाही. बारकाईने पाहिले, तर मनुष्य किंचित धूसर आहे. त्या अल्पशा धूसरतेमुळेच उडीत प्राण आला आहे.

अलेक्सेय तितारेन्को याने तीच धूसरता टोकाला नेली. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळल्यानंतरच्या हलाखीत त्याने सेंट पीटर्सबर्ग येथे 'सावल्यांचे शहर' ही चित्रमालिका केली. मेट्रो स्थानकाच्या पायऱ्यांवरील गर्दी शटर दीर्घकाळ उघडे ठेवल्याने धुरासारखी दिसते. यावर एक आक्षेप घेता येईल: प्रत्येक जीव देवाला नावानिशी ठाऊक आहे, अशी आपली श्रद्धा, मग माणसाचा चेहराच पुसणारी कला आपण कशी स्वीकारावी? माझ्या मते उत्तर त्याच चित्रात आहे. त्या धुक्यातून कठडा धरलेले हात स्पष्ट उमटले आहेत. चेहरे हरपले, तरी आधार शोधणारा हात हरपला नाही. इथे धूसरता ही माणसांची उपेक्षा ठरत नाही. त्यांच्यावर ओढवलेल्या स्थितीची ती साक्ष ठरते.

म्हणून एखादे चित्र 'हलले' आहे, एवढ्यावरून ते बाजूला सारू नये. त्यात कोण स्पष्ट राहिले, कोण पुसले गेले आणि का, हे आधी विचारावे. पॉलिशवाल्याच्या बाबतीत तो केवळ यंत्राच्या मर्यादेचा परिणाम होता. आज शटरची गती आपल्या हाती आहे. त्यामुळे कोणाला पुसावे, याची जबाबदारीही आपलीच आहे.