आठवणीतील गाव आणि इतिहास

फ्लोरा थॉम्प्सन यांचे ‘लार्क राइज’ १९३९ साली प्रसिद्ध झाले. ऑक्सफर्डशायरमधील ज्युनिपर हिल ही लेखिकेची जन्मभूमी, एक लहानशी वाडी. पुस्तकात तिचे नाव बदलले आहे. लेखिकाही ‘लॉरा’ या नावाने वावरते. एवढ्यावरून हा ग्रंथ इतिहासाच्या पंक्तीतून उठवावा, हे मत आम्हांस मान्य नाही. १८८० नंतरच्या दशकात तेथील शेतमजुरास आठवड्यास दहा शिलिंग मिळत. हा आकडा सरकारी दप्तरातही सापडेल. परंतु त्या दहा शिलिंगांत घर चालविणाऱ्या गृहिणीची काटकसर आणि परसात पोसलेल्या डुकरावर खिळलेली साऱ्या घराची आशा येथेच भेटते. बालपणाच्या ओढीने दारिद्र्यास कोठे कोठे नको तितकी कोवळीक आली आहे, हा दोष आम्ही नाकारीत नाही. मात्र अखेर पाहावी. या आठवणी चर्चमधील पितळी पाटीपाशी येऊन थांबतात. तीवर पहिल्या महायुद्धात पडलेल्या अकरा तरुणांची नावे आहेत. शेवटचे, एकटे नाव लॉराच्या भावाचे. लेखिकेचा स्वतःचा भाऊही १९१६ साली युद्धात कामी आला होता. तरीही ती विलाप करीत नाही. केवळ नोंद करते. असा संयम ज्या आठवणीस साधला, तिची साक्ष इतिहासाने अवश्य घ्यावी.